कोणत्या संघात जाऊ?
पाचारण, पारख आणि स्वातंत्र्य

पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी पाचारणासाठी जागतिक प्रार्थना दिन सुरू केला. तो आज याच रविवारी पाळला जातो. त्या दिवशी आपण पिकाच्या धन्याकडे कामकऱ्यांची मागणी करतो. ही प्रार्थना योग्यच आहे; परंतु ती करताना एक टप्पा आपल्या नजरेतून निसटतो. ज्या तरुणाने मनोमन होकार दिला आहे, त्याच्यापुढे लगेच दुसरे दार उभे राहते आणि त्या दारावर एक नव्हे, अनेक पाट्या असतात. धर्मगुरू व्हायचे हे ठरले, पण कोठे? आपल्याच धर्मप्रांतात, की एखाद्या व्रतस्थ संघात? आणि संघात, तर कोणत्या? येशूसंघात, फ्रान्सिस्कनांत, सेलेजियनांत, कार्मेलवासीयांत, की आणखी कोठे?

वरवर पाहता हा प्रश्न माहितीचा वाटतो. पत्रके मागवावीत, पाचारण शिबिरांना जावे, तुलना करावी आणि ठरवून टाकावे. महाविद्यालय निवडताना शहाणी माणसे असेच करतात. पण अशा तरुणांशी ज्यांचा निकटचा संबंध आला आहे, त्यांना ठाऊक आहे की सगळी माहिती हाती आल्यावरही त्यांची अस्वस्थता कमी होत नाही. कित्येकदा ती वाढते. कारण तिच्या मुळाशी एक भीती असते: "देवाने माझ्यासाठी एक जागा नेमून ठेवली आहे. ती जागा मी चुकलो तर?" ही भीती रास्त आहे काय? देवाची इच्छा ही कोठेतरी दडवून ठेवलेल्या पत्त्यासारखी असते काय? की निवड करण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य तो आपल्याला देतो? आणि देत असेल, तर त्या स्वातंत्र्याची जबाबदारी एकट्या त्या तरुणाची, की आपल्या सर्वांची? या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन वाटा, अनेक घरे

प्रथम मुख्य भेद ध्यानी घेऊ. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि आपल्या महागुरूंना आज्ञापालनाचे वचन देतो; दारिद्र्याचे व्रत तो घेत नाही. धर्मप्रांत हेच त्याचे घर. ज्यांचा तो बाप्तिस्मा करतो, त्यांतील काहींची लग्ने तोच लावतो आणि त्यांच्या आजीआजोबांना मूठमाती देण्याचा प्रसंगही त्याच्यावरच येतो. संघीय धर्मगुरू आधी व्रतस्थ असतो आणि मग धर्मगुरू. ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन ही व्रते घेऊन तो बंधूंच्या समुदायात राहतो आणि संघ पाठवील तेथे जातो.

संघासंघांतही मोठे अंतर आहे. संत बेनेडिक्टचा अनुयायी स्थैर्याचे व्रत घेतो. ज्या मठात त्याने प्रवेश केला, त्या मठाच्या बंधुसमूहाशी तो आयुष्यभर बांधला जातो. याच्या नेमके उलट १५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे आहे. त्याचे पूर्ण व्रतधारी सभासद, पोप पाठवतील त्या कार्यासाठी जाण्याचे चौथे व्रत घेतात. संत फ्रान्सिसला १२०९ मध्ये आपल्या जीवनक्रमास तोंडी अनुमती मिळाली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गरीब ख्रिस्त होता. १२१६ मध्ये मान्यता मिळालेल्या संत डॉमिनिकच्या संघाचा भर अभ्यास आणि उपदेशावर. डॉन बॉस्को यांनी १८५९ साली तुरीन येथे सेलेजियन संघ उभारला तो रस्त्यावरच्या मुलांसाठी. आर्नोल्ड यान्सेन यांनी १८७५ साली नेदरलँड्समधील श्टाइल या गावी एस.व्ही.डी. संघ स्थापला तो दूरदेशीच्या सुवार्ताप्रसारासाठी. आपल्या देशाच्या मातीतूनही संघ उगवले आहेत: केरळातील मान्नानम येथे १८३१ साली सी.एम.आय. संघाचा पाया घातला गेला आणि गोव्यात १८८७ साली पिलार संघाचा आरंभ झाला.

केवळ नावे पाहून निवड करणाऱ्याची तर फसगतच व्हावी. सेलेजियन आणि फ्रान्सेलियन हे दोन्ही संघ संत फ्रान्सिस डी सेल्स या जिनिव्हाच्या महागुरूंचे नाव सांगतात. पहिला डॉन बॉस्कोंचा. दुसरा फादर पीटर मर्मिए यांनी १८३८ साली फ्रान्समधील आन्सी येथे स्थापन केलेला आणि मराठवाड्यातील जुन्या ख्रिस्ती गावांच्या चांगल्या परिचयाचा. संत एकच, पण घरे दोन, आणि दोन्ही घरांची रीत वेगळी.

यांतला श्रेष्ठ कोण? हा प्रश्न नवा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच त्याचे उत्तर दिले आहे. चिंतनातून जे लाभले ते शिकवणीच्या व उपदेशाच्या रूपाने इतरांना देणारे संघ त्यांनी वरच्या पायरीवर ठेवले, त्यांच्याखाली निखळ चिंतनाचे आणि त्यानंतर बाह्य सेवेचे. परंतु ही तुलना संघांच्या उद्दिष्टांची आहे, माणसांची नव्हे. उद्दिष्ट उच्च म्हणून ते माझे, असे होत नाही. एखाद्याच्या हाडीमासी रुग्णसेवा असेल आणि केवळ प्रतिष्ठेपायी तो अध्यापनाच्या संघात गेला, तर उच्च पायरीवर उभा राहूनही तो उपराच राहील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या व्रतस्थ जीवनाविषयीच्या आदेशात प्रत्येक संघाला आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परतण्यास सांगितले. संपूर्ण ख्रिस्त कोणत्याही एका संघाच्या ओंजळीत मावत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

विवेक, पारख, ऐकणे

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला एक सवय जडते: मोठा प्रश्न आला की तो आधी शब्दांकडे पाहतो. येथे तीन शब्द उपयोगी पडतात.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आत्मे ओळखण्याच्या दानाचा उल्लेख आहे. तेथील ग्रीक शब्द 'दिआक्रिसिस'. त्याचा धात्वर्थ वेगवेगळे करणे. आपल्या 'विवेक' या शब्दाचा धात्वर्थही तोच. हंसाने दूध आणि पाणी निराळे करावे, तसे मनात मिसळलेल्या प्रेरणा निराळ्या करणे म्हणजे विवेक. दुसरा शब्द योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी येतो: 'दोकिमाझेइन'. नाणे खरे की खोटे, धातू शुद्ध की हिणकस, हे तपासण्यासाठी ग्रीक माणूस हा शब्द वापरीत असे. मराठीत त्यासाठी 'पारखणे' हा शब्द तयारच आहे. त्यासोबत सराफ येतो, कसोटीचा दगड येतो आणि कस लावणेही येते. तिसरा शब्द इब्री आहे: 'शामा'. त्याचा अर्थ ऐकणे आणि मानणेही. या दोन अर्थांना जोडणारा शब्द पुष्कळ भाषांत सापडत नाही, पण मराठी आई मुलाला "माझे ऐक" म्हणते तेव्हा तिला नेमके हेच दोन्ही म्हणायचे असते. आज्ञापालनाच्या व्रताचे मूळ या ऐकण्यात आहे.

आता पाहा: या तिन्ही शब्दांत कोडे सोडविण्याचा अर्थ नाही. लपविलेली वस्तू हुडकून काढण्याचाही नाही. शेतात दडलेल्या ठेवीचा दृष्टांत प्रभूने सांगितला आहे खरा; परंतु तेथील ठेव म्हणजे स्वर्गाचे राज्य. ते ज्याला सापडले, त्याने कोणत्या संघात राहावे हा प्रश्न त्यानंतरचा. सराफ जमीन खणत नाही. गिऱ्हाइकाने समोर ठेवलेले सोने तो कसाला लावतो. तरुणानेही तेच करायचे आहे. एखाद्या जीवनक्रमाविषयी त्याला ओढ वाटते. ती समोर ठेवायची आणि तिचा कस पाहायचा.

संत अंतोनीचेच उदाहरण घेऊ. वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी ज्यांची तसबीर दिसते, ते अंतोनी आरंभी फ्रान्सिस्कन नव्हते. लिस्बनमध्ये जन्मलेला फर्नांदो तरुणपणी ऑगस्टिनियन मठवासीयांत दाखल झाला आणि कोइंब्राच्या मठात त्याने पवित्र शास्त्राचा सखोल अभ्यास केला. १२२० साली मोरोक्कोत पाच फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले आणि त्यांचे अवशेष कोइंब्रास आणले गेले. ते पाहून त्याने त्याच वर्षी संघ बदलला आणि अंतोनी हे नाव घेतले. मग ऑगस्टिनियन मठातील वर्षे ही चूक होती काय? तेथे मुरलेल्या शास्त्राभ्यासामुळेच तर पुढे फ्रान्सिस्कनांना एक थोर उपदेशक लाभला. शिवाय ज्या हौतात्म्याच्या आशेने त्याने संघ बदलला, ते त्याला लाभलेच नाही. मोरोक्कोत तो आजारी पडला आणि परतीच्या प्रवासात वादळाने त्याचे जहाज सिसिलीला नेले. पत्ता चुकण्याच्या भाषेत हे जीवन मांडू गेल्यास पानोपानी चुकाच दिसतील. पण प्रत्येक टप्प्यावर ऐकणारा मनुष्य म्हणून पाहिल्यास ते एकसंध आहे.

याचा अर्थ कोणताही संघ चालेल, असे मात्र नाही. लग्नाचे पाहा. जगात आपल्यासाठी एकच वधू कोठेतरी राखून ठेवली आहे, असे सुज्ञ मनुष्य मानीत नाही. म्हणून तो डोळे मिटून कोणाशीही लग्न करीत नाही. तो पाहतो, विचारतो, थांबतो आणि मग शब्द देतो. शब्द दिल्यानंतर मात्र 'दुसरी अधिक योग्य होती काय' हा प्रश्न तो मनात घोळवत बसत नाही. दिलेला शब्द हीच आता त्याच्यापुरती देवाची इच्छा असते. अंतिम व्रतांचेही असेच आहे. निवडीपूर्वीचे स्वातंत्र्य आणि निवडीनंतरची निष्ठा ही दोन्ही देवाचीच दाने आहेत.

ओढीचा कस

ओढ पारखायची कशी? या बाबतीत लॉयोलाच्या संत इग्नाशियसचा अनुभव आजही मार्गदर्शक आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शौर्यकथा हव्या होत्या. घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्याच्या मनात दोन प्रकारची स्वप्ने येऊ लागली. दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाहताना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची स्वप्ने पाहतानाही आनंद होई, आणि तो मागाहूनही टिके. दोन्हींचा आरंभ गोड होता. फरक नंतर उरणाऱ्या चवीत होता. पुढे आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात त्याने यावरून नियम बांधले. त्यांतील एक प्रत्येक उमेदवाराने पाठ करावा असा आहे: मन खिन्न व अंधारलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये.

इग्नाशियसने आणखी एक बाब ध्यानात आणून दिली. पुष्कळ लोक आधी पद किंवा संसार निवडतात आणि मग त्यात देवाची सेवा करू म्हणतात. म्हणजे साधनाला साध्य करून साध्याला साधनाच्या जागी बसवतात. व्रतस्थ जीवनाच्या उंबरठ्यावरही हे घडते. अमुक संघात गेल्यास परदेशी शिक्षण मिळते, तमुक संघाची मोठी इंग्रजी विद्यालये आहेत, अमक्या संघात गेलेल्याच्या घराला गावात मान आहे. ही कारणे मनात येतात यात पाप नाही. सर्व मानवी प्रेरणा सरमिसळच असतात. पण ती वेगळी काढून नावानिशी ओळखावीत. वर्षभर रोजनिशी ठेवावी आणि संघाचा विचार मनात आल्यानंतर दोन तासांनी, दोन दिवसांनी मनाची स्थिती काय होती, हे लिहावे. परदेशाचा विचार वजा केला तरी ओढ उरते काय? आवडते फादर उद्या बदलून गेले तरी ती टिकते काय? एखाद्या प्रेमळ धर्मगुरूमुळे त्यांचा संघ आवडू लागणे ही आरंभापुरती चांगलीच गोष्ट आहे. शिमोन पेत्रही आपल्या भावाच्या सांगण्यावरूनच प्रभूकडे आला. मात्र तो राहिला तो प्रभूसाठी.

पत्रक नव्हे, घर पाहावे

कसोटी दोन्ही बाजूंनी लागते. संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा अठ्ठावन्नावा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. नव्याने येणाऱ्यास सहजासहजी प्रवेश देऊ नये, त्याला काही दिवस दार ठोठावू द्यावे, आणि उमेदवारीच्या वर्षात ठरावीक अंतराने संपूर्ण नियमावली त्याला तीनदा वाचून दाखवावी, म्हणजे आपण काय पत्करतो आहोत हे त्याला कळेल, असे तेथे सांगितले आहे. आत्म्यांची पारख करण्याविषयीचे योहानाचे वचन संत बेनेडिक्ट याच संदर्भात योजतो. आज काही ठिकाणी याच्या उलट चित्र दिसते. दहावीचा निकाल लागला की अनेक संघांचे प्रतिनिधी एकाच गावात फिरतात, आणि मुलाच्या हाती पडते ते रंगीत पत्रक. पत्रकावर कार्याची छायाचित्रे असतात: विद्यालये, इस्पितळे, आदिवासी पाडे. पण मनुष्य कार्यात दिवसाचे काही तास असतो, आणि घरात उरलेला सर्व वेळ.

म्हणून घरी जाऊन राहावे, आणि तेही सणाच्या दिवशी नव्हे. हे बंधू पहाटे एकत्र प्रार्थना करतात काय? कशी? येशूसंघीय समूहाने तासिका-प्रार्थना गात नाहीत. बेनेडिक्टाईनांच्या दिवसाचा तोच कणा आहे. एकांतात देवाशी बोलणाऱ्याला पहिले मानवेल, गायनातून ज्याचे मन वर उचलले जाते त्याला दुसरे. जेवणाच्या मेजावर ते एकमेकांशी काय बोलतात? वृद्ध व आजारी बंधूंची निगा कशी राखतात? दारिद्र्याचे व्रत त्यांच्या ताटात, वाहनात आणि वस्त्रांत दिसते काय? मतभेद झाल्यास वरिष्ठ ऐकून घेतात काय? संघ मला माझ्या मराठी माणसांत ठेवील, की झारखंडात, आसामात वा आफ्रिकेत पाठवील, आणि तेथे जाण्यास मी मनापासून राजी आहे काय? ज्याचा जीव आपल्या गावाच्या, बोलीच्या आणि माणसांच्या सेवेत गुंतला आहे, त्याने धर्मप्रांतीय धर्मगुरू होणे ही उतरती पायरी मानू नये. उलट ज्याला एका जागी राहणे हेच सुरक्षिततेचे निमित्त वाटू लागले आहे, त्याने पाठविले जाण्याच्या व्रताचा विचार करावा. धर्मगुरुपदाचीच ओढ आहे, की बंधू म्हणून व्रतस्थ जीवन पुरेसे आहे, हाही प्रश्न लाजेखातर टाळू नये.

सल्ला कोणाचा घ्यावा?

बाळ शमुवेलाला हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे कळले नाही. ते एलीला कळले. आणि एली काही आदर्श पुरुष नव्हता, स्वतःच्या मुलांना तो आवरू शकला नव्हता. तेव्हा मार्गदर्शक परिपूर्ण असावा लागत नाही. मात्र मुलाला स्वतःकडे न ओढता त्याला पुन्हा देवाकडे पाठविण्याइतका तो निःस्वार्थी असावा लागतो. ज्या संघात जाण्याचा विचार आहे, त्या संघाबाहेरचा एखादा मार्गदर्शक असणे म्हणूनच हितावह.

संत थॉमस यांनी या प्रश्नाचाही विचार केला आहे. व्रतस्थ जीवन स्वतः चांगले आहे काय, याविषयी दीर्घ सल्लामसलतीची गरज नाही, असे ते म्हणतात; पण आपली ताकद किती आणि कोणत्या संघात जावे, याविषयी सल्ला घ्यावा, आणि तो आडकाठी न करणाऱ्यांकडून घ्यावा. हे लिहिणाऱ्याने आडकाठी सोसली होती. त्यांना लहानपणीच माँते कासिनोच्या विख्यात बेनेडिक्टाईन मठात ठेवण्यात आले होते आणि पुढे त्यांनी तेथला मठाधिपती व्हावे, अशी कुटुंबाची आकांक्षा होती. १२४४ साली ते डॉमिनिकच्या भिक्षुसंघात गेले. सरदार घराण्यातील मुलाने भिक्षेवर जगावे, हे घरच्यांना सहन झाले नाही. भावांनी त्यांना वाटेतच पकडून सुमारे वर्षभर घरच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. कुटुंबाचा विरोध धर्मगुरू होण्याला नव्हता. प्रतिष्ठा नसलेल्या संघात जाण्याला होता, हे विशेष लक्षात घ्यावे.

तथापि याच थॉमस यांनी आईवडिलांची बाजूही सोडलेली नाही. आईवडील अशा हलाखीत असतील की मुलाच्या आधारावाचून त्यांचा निर्वाहच होऊ शकत नाही, तर त्यांना तसे टाकून संघात जाणे योग्य नाही, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे. 'कुर्बान' म्हणून आईवडिलांच्या वाट्याचे देवाला वाहून टाकणाऱ्यांची प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात जी कानउघाडणी केली, तिचा आधार यामागे आहे. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. कोरडवाहू जमीन, थकलेले वडील, लग्नाची बहीण, असे घर मागे ठेवून दारिद्र्याचे व्रत घेणाऱ्याने हे जाणावे की व्रतानंतर आपली कमाई आपली राहणार नाही. कोणी थोडी वर्षे नोकरी करून घर सावरतो आणि मग जातो. कोणी दारिद्र्याचे व्रत नसलेल्या धर्मप्रांतीय वाटेचा विचार करतो. यात पाचारणाशी प्रतारणा नाही. आईची औषधे हाही पारखीच्या सामग्रीतला भाग आहे.

बंद झालेली दारे

कधी तरुण निवड करतो आणि संघ नकार देतो. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची कथा येथे आठवावी. सोळाव्या शतकात हा वसईपुत्र येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून त्यांना साथ दिली. त्यांच्या संघात जाण्याची त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तो व्यापारात पडला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला धर्मबंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली फ्रान्सिस्कन मंडळी जपानला गेली तेव्हा दुभाषा म्हणून तो त्यांच्यासोबत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर देहदंड देण्यात आला, त्यांत तो होता. त्याच सव्वीस जणांत येशूसंघीय पावलो मिकीही होते. ज्या संघाचे दार उघडले नाही त्या संघाचे सभासद आणि हा फ्रान्सिस्कन बंधू, शेवटी एकाच टेकडीवर शेजारी शेजारी उभे राहिले. १८६२ साली त्या सर्वांना संतपद देण्यात आले.

काही दारे अन्यायानेही बंद असतात. गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांच्या काळी युरोपीय संघ गोमंतकीयांना सहसा प्रवेश देत नसत. १६७६ साली गुरुदीक्षा झालेले फादर वाझ १६८५ मध्ये गोमंतकीय धर्मगुरूंच्या ओरेटरीत सामील झाले. १६८७ मध्ये ते डच अमलाखालील श्रीलंकेत वेषांतर करून पोहोचले आणि १७११ साली कँडी येथे मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथील छळग्रस्त ख्रिस्तसभा जिवंत ठेवली. २०१५ साली ते संत म्हणून घोषित झाले. म्हणून तो भेदभाव योग्य ठरत नाही. आणि जात, प्रांत किंवा भाषा पाहून आजही कोठे दार किलकिले होत असेल तर ते पापच. पण माणसांच्या अन्यायाने देवाचे पाचारण रद्द झाले नाही, हे वाझ यांच्या जीवनाने दाखविले.

गरसेकरांच्या प्रदेशातील बऱ्या झालेल्या मनुष्याने प्रभूसोबत राहण्याची विनवणी केली. प्रभूने ती मानली नाही. त्याला घरी, स्वकीयांकडे पाठविले. शुभवर्तमानातील हा 'नाही' अतिशय प्रेमळ आहे, कारण त्यासोबत कार्यही दिलेले आहे.

परतीची वाट

आता जे म्हणावयाचे आहे ते तरुणांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी आणि आपल्या धर्मग्रामांसाठी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उमेदवारीचा काळ, म्हणजे नोव्हिशिएट, किमान बारा महिन्यांचा असतो. भीती घालून किंवा फसवून कोणाला त्यात आणले, तर तो प्रवेशच अवैध ठरतो. उमेदवार केव्हाही मोकळेपणाने परत जाऊ शकतो. त्यानंतरची व्रतेही प्रथम ठरावीक मुदतीची असतात, साधारणतः तीन ते सहा वर्षे. अंतिम व्रते त्यानंतर. ख्रिस्तसभेने इतकी दारे मुद्दाम उघडी ठेवली आहेत, कारण पारख म्हटली की सोने हिणकस निघण्याचीही शक्यता मान्य करावी लागते. सराफाकडे गेलेली प्रत्येक वस्तू 'खरी' ठरलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर त्याला पारख म्हणता येणार नाही.

संहितेने उघडी ठेवलेली ही दारे गावात मात्र आपण लावून घेतो. मुलगा जाताना त्याला हार घालतो, पूर्ण गावाला जेवण देतो. आणि तो दोन वर्षांनी परत आला तर "पळून आला" म्हणतो. शेजारी कारण विचारतात, आई चर्चला जाताना मागच्या दाराने निघते, बहिणीच्या सोयरिकीत त्याचा विषय निघतो. आत राहिलेल्या मुलांच्या कानांवर हे सारे पडत असते. त्यांपैकी एखाद्याला अंतर्यामी कळलेले असते की ही आपली जागा नाही. पण परतीची वाट बंद आहे म्हणून तो पुढे जातो आणि लाजेपोटी अंतिम व्रते घेतो. त्या 'होय'चे मोल किती? ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या होकारात प्रेम उमटत नाही. त्याची किंमत तो स्वतः मोजतो, त्याचा संघ मोजतो, आणि पुढे ज्या धर्मग्रामात त्याची नेमणूक होते तेथले निरपराध लोकही मोजतात.

प्रभूने श्रीमंत तरुणाकडे निरखून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, हे मार्क आवर्जून नोंदवितो. तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा प्रभू त्याच्यामागे धावला नाही, त्याने अट सैल केली नाही आणि त्याचा अपमानही केला नाही. बोलावणाऱ्याने बोलावलेल्याला दिलेले हे स्वातंत्र्य भाषांतर करताना मनाला फार भिडते. फ्रेंच संत शार्ल द फूको यांनी १८९० मध्ये ट्रॅपिस्ट मठात प्रवेश केला आणि १८९७ मध्ये तो सोडला. १९०१ साली ते धर्मगुरू झाले, सहारात तुआरेग लोकांमध्ये राहिले आणि १९१६ मध्ये मारले गेले. हयातीत त्यांच्याबरोबर राहणारा एकही अनुयायी टिकला नाही. आज त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेले अनेक संघ जगभर आहेत. २०२२ साली त्यांना संतपद मिळाले. मठ सोडून आलेल्या त्या माणसाला तेव्हा आपल्या गावाने काय नाव ठेवले असते, याचा विचार करावा.

जे परत येतात ते सगळे संत होणार नाहीत; बहुतेक जण नोकरी करतील, लग्न करतील, मिस्सेच्या वेळी वाचन करतील आणि लेकरांना प्रार्थना शिकवतील. तेवढ्यासाठीही ती दोन वर्षे सार्थकी लागली असे म्हणावे. पाचारणाच्या रविवारी आपण प्रार्थना करू, तेव्हा गेलेल्यांबरोबर परतलेल्यांचेही स्मरण करू, आणि एखाद्या पित्याने निरोप देताना मुलाला इतके तरी सांगावे की, "बाळा, राहिलास तर आनंद आहे, आणि परत यावेसे वाटले, तर घर तुझेच आहे."

आणि तरुण मित्रांनो, ज्यांना आज हा प्रश्न छळतो आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे: देवाने तुमच्यासाठी सापळा लावलेला नाही. प्रार्थना करा, प्रेरणा वेगळ्या करून पाहा, घरे पाहा, निःस्वार्थी माणसाचा सल्ला घ्या, आईवडिलांच्या गरजेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा, आणि मग जे दार ठोठवावेसे वाटते ते ठोठवा. ते उघडले तर आत जाऊन पुन्हा ऐका. न उघडले तर दुसऱ्या दाराशी जा. तुम्हांला बोलावणारा उत्तम मेंढपाळ आहे. त्याची मेंढरे आत येतात आणि बाहेरही जातात, आणि दोन्हीकडे त्यांना चारा मिळतो.